मथुराक्का आणि पाचवा ओंडका

वेस्ट मांबलमच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला गेलो, त्याच्या तिसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. दारात एक ठेंगणी, पन्नाशी ओलांडलेली बाई उभी होती. अंगावर सुती साडी, पायात चक्क कॅनव्हासचे बूट आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला थर्माकोलचा खोका.

"फ्रिजात थोडी जागा अहे आ, सार?"

मला तेव्हा तमिळ येत नव्हतं. त्यामुळे समोरची बाई जे बोलतेय ते मराठी आहे, हे कळायलाच चार-पाच सेकंद गेले. चाल तमिळ, शब्द मराठी. तोवर त्या बूटही न काढता सरळ स्वयंपाकघराकडे निघालेल्या होत्या.

"माझा फ्रिज मेला. पोंगलची सुट्टी, लॅबला कुलूप. तीन दिवस अहे फक्त. बर्फाच्या कप्प्यात पायजे."

अश्विनीनं, माझ्या बायकोनं, निमूट मटारची पिशवी आणि खोवलेला नारळ बाहेर काढला. बाईंनी खोक्यातून नखाएवढाले पानांचे तुकडे भरलेल्या छोट्या पिशव्या काढून एकेक करून आत रचल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा.

"कसली पानं?" अश्विनीनं विचारलं.

"रक्तचंदन. सांभाळा हां. तीस झाडं अहेत तुमच्या घरात."

ह्या मथुराक्का. डॉ. मथुराबाई राव, आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहणाऱ्या. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. पूर्वज किती पिढ्यांपूर्वी इकडे आले हे त्यांना सांगता येत नसे, आणि जे सांगता येत नाही ते त्या सांगतही नसत. तांबरमच्या वाटेवर एका सरकारी संस्थेत दुर्मीळ लाकडाच्या झाडांवर त्यांचं काम चाले. त्या 'सगळं'ला 'अवघं' म्हणत, 'खूप'ला 'उदंड'. अश्विनी साताऱ्याची. ती म्हणायची, ह्यांच्याशी बोलताना आपण पणजीच्या पत्रातल्या कुणाशी तरी बोलतोय असं वाटतं. पुढे एकदा अक्कांनी वर बोलावून डांगर पच्चडी, दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, वाढली, तेव्हा अश्विनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. साताऱ्याचं डांगर असं तंजावर फिरून तिच्या पानात आलेलं.

"तुम्ही मराठी लिहिता का अक्का?" मी एकदा विचारलं.

"नाही. लिहायला इंग्लिश, भांडायला तमिळ. मराठी घरची. ती मळवायची नाही."

भांडणं मात्र रोजची होती. लिफ्टवर कुणी 'लवकरच दुरुस्त होईल' अशी चिठ्ठी चिकटवली तर अक्का सेक्रेटरीच्या दारात उभ्या. 'लवकर' म्हणजे कधी? तारीख लिहा. तारीख माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहा. भाजीवाल्यानं 'अर्ध्या किलोच्या आसपास' म्हटलं की त्या हातातली वांगी परत टोपलीत ठेवत. 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. त्यांच्या वहीला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली असायची, पण खोडरबर नसायचं. चूक झाली तर तिच्यावर एक सरळ रेघ, खाली बरोबर आकडा, बाजूला सही. चूक दिसली पाहिजे, असा नियम.

मी इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. मोजणं हेच माझंही काम. म्हणूनच की काय, रविवारी सकाळी त्या मला कॉफीला बोलवत.

एकदा मी विचारलं, "अक्का, हे मार्कर मार्कर म्हणता ते नेमकं काय?"

त्यांनी कॉफी टंब्लरमधून वाटीत आणि वाटीतून टंब्लरमध्ये अशी दोनदा ओतली.

"बोलताना अडखळणारा माणूस असतो बघा. 'मी मी मी येतो.' झाडाच्या आत जे लिहिलेलं अहे त्यात असे अडखळलेले शब्द उदंड. एका झाडात एक शब्द सातदा, शेजारच्या झाडात तोच अकरादा. कुठं अडखळतो ती जागा शोधायची. मग कितीदा, ते मोजायचं. प्रत्येक जागी दोन आकडे निघतात, एक आईचा, एक बापाचा. अशा आठ-दहा जागा मिळाल्या की झाड ओळखता येतं. तुम्ही गाडीच्या भागावर नंबर मारता ना? इथं मारलेलेच अहेत. वाचायला शिकायचं."

"मग शिकायला किती वेळ लागतो?"

"आठ जागांना तीन वर्षं लागली."

तीन वर्षं का, ते लॅबमध्ये गेलो तेव्हा कळलं. रक्तचंदनाच्या पानात इतका चीक आणि इतका तुरटपणा की त्यातून जे काढायचं ते गुळाच्या पाकासारखं तपकिरी निघे आणि पुढे काही चालेनासं होई. पाण्यानं, मिठानं, थंडीनं धुऊन धुऊन ते स्वच्छ करायचं. शंभर जागा निवडाव्यात, तर त्यातल्या बऱ्याच मुक्या निघत, उरलेल्यांत सगळ्या झाडांचा आकडा सारखाच. तसली जागा काही उपयोगाची नाही. अक्कांनी मला एक फोटो दाखवला. काळ्या पाटीवर पांढऱ्या बारीक रेघा. निम्म्या ओळी रिकाम्या होत्या.

"ह्यात काय आहे?"

"काही नाही. हे आलं नाही."

"मग फोटो कशाला ठेवलात?"

"आलं नाही म्हणून."

अशा न आलेल्यांच्या चार जाडजूड वह्या त्यांच्या कपाटात होत्या.

संस्थेच्या संचालकांशी त्यांचं बिनसलं ते एका रोपवाटिकेवरून. शहराबाहेर रक्तचंदनाची हजारो रोपं वाढवली होती, डोंगरात आणि शेतकऱ्यांच्या बांधावर लावायला. त्यांच्या वाटपाचा मोठा समारंभ होता. रोपं अक्कांनी तपासलेली, म्हणून त्यांनाही व्यासपीठावर खुर्ची आणि दोन मिनिटं. अक्का माइकसमोर उभ्या राहिल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "पोरं हजारो, पण आया तीन. सगळं बी तीन झाडांखालून वेचलंय. उद्या एक रोग आला तर सगळी एकदम मरतील. ही लावू नका. आधी तीसेक आया शोधा." मुख्य पाहुण्यांनी 'हजारो' एवढंच ऐकलं असावं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या मंडपानं वाजवल्या.

संचालकांनी दुसऱ्या दिवशी अहवालाचा मसुदा पाठवला. त्यात लिहिलेलं, रोपांमध्ये पुरेशी विविधता आहे. अक्कांनी 'पुरेशी'खाली पेन्सिलीनं रेघ मारली, 'म्हणजे किती?' असं लिहिलं आणि कागद परत पाठवला. त्यांच्या प्रकल्पाला पुढची मुदतवाढ मिळाली नाही. हाताखालच्या दोन मुली दुसरीकडे गेल्या. अक्का स्वतः नळ्या धुवायला लागल्या.

"वाईट नाही वाटत?" अश्विनीनं विचारलं.

"वाटतं ना. माझी कंबर दुखते," त्या म्हणाल्या.

ह्याच सुमारास आरुमुगमचं प्रकरण आलं.

आरुमुगम हा तिरुत्तणीच्या अलीकडल्या एका गावातला सत्तरीचा बाहुलीवाला. रक्तचंदनाच्या बाहुल्या करायचा, तिकडे त्यांना 'मरपाची' म्हणतात. राजा आणि राणी अशी जोडी, लग्नात मुलीला देतात, नवरात्रात कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायरीवर सगळ्यात आधी मांडतात. त्याच्या छपरात वनखात्याला पाच ओंडके सापडले. जंगलातलं रक्तचंदन परवान्याशिवाय तोडता येत नाही, आणि डोंगरातून त्याची चोरी कशी चालते हे सगळ्यांना माहीत. आरुमुगम म्हणे, ही माझ्या परसातली झाडं, माझ्या बापानं लावलेली. म्हाताऱ्याच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवणार? गुन्हा दाखल झाला. लाकूड कुठलं ते तपासा, असं कोर्टानं सांगितलं, आणि रक्तचंदनाचे मार्कर हाताशी असलेली लॅब जवळपास एकच होती.

तपास करणारा रेंजर तरुण होता. चांगला मुलगा. त्याच्या एका गार्डचं डोकं चोरांनी फोडलं होतं आणि तो महिनाभर त्याच्या उशाशी बसलेला होता. तो अक्कांच्या घरी आला तेव्हा मी कॉफीला बसलो होतो. एव्हाना मला तमिळ बऱ्यापैकी कळायला लागलं होतं.

"मॅडम, लाकूड जंगलातलं आहे, एवढंच लिहून हवंय."

"माझे मार्कर जंगल ओळखत नाहीत," अक्का म्हणाल्या. "झाड ओळखतात. जंगलातल्या प्रत्येक झाडाचं पान तुम्ही मला आणून दिलंय का?"

"मग ह्याचा उपयोग काय?"

"त्याच्या परसात बुंधे असतील ना? ते जिवंत असतील तर त्यांना विचारू."

रक्तचंदनाचं झाड तोडलं तरी बुंध्याला धुमारे फुटतात. धुमाऱ्याच्या पानात तेच आकडे, जे तोडलेल्या खोडात. संस्थेनं गाडी नाकारली. आपण होऊन पुरावा गोळा करणं आपलं काम नाही, असं संचालकांचं म्हणणं. म्हणून एका शनिवारी माझी गाडी गेली. अक्कांची एकच अट होती, रेंजर आणि आरुमुगम दोघंही समोर हवेत, आणि प्रत्येक पिशवीवर लाखेच्या सीलशेजारी दोघांचीही सही किंवा अंगठा.

परसात विहीर, विहिरीपलीकडे बुंधे. हिरवेगार, गुडघाभर धुमारे. अक्कांनी मोजले. पुन्हा मोजले.

"चार अहेत," त्या मला मराठीत म्हणाल्या. मग तमिळमध्ये, "अय्या, ओंडके पाच, बुंधे चार."

"पाचवं रस्त्याकडेला होतं, अम्मा," आरुमुगम म्हणाला. "रस्ता रुंद केला तेव्हा मशीननं बुंधा उपटून नेला." रस्ता खरंच रुंद झालेला दिसत होता. तिथं आता गटार होतं. "बापानं एकाच झाडाखालच्या शेंगा उचलून आणलेल्या. पाच बिया, पाचही रुजल्या. पाची भावंडं."

'एकाच झाडाखालच्या,' अक्कांनी वहीत लिहिलं, आणि त्याखाली 'असं अय्या सांगतात.'

त्यानं आम्हाला ताक दिलं. अक्कांना एक अर्धवट कोरलेली राणी दाखवली. नाक अजून व्हायचं होतं. अक्कांनी ती हातात धरून बराच वेळ बघितली, पण त्यानं "घ्या" म्हटलं तेव्हा परत दिली. "केस संपू दे, विकत घेईन."

ओंडक्यातून आकडे काढणं हे पानापेक्षा कठीण. आतला लाल गाभा काहीच देईना, नळीत नुसतं कुंकवासारखं पाणी. सालीखालचा पांढुरका थर होता त्यातून, कणाकणानं, चार महिने खपून त्यांनी ते काढलं. निकाल आला. चार ओंडके चार बुंध्यांशी तंतोतंत जुळले. आठच्या आठ जागी. पाचवा कुठल्याच बुंध्याशी जुळला नाही.

मग फोन सुरू झाले. आरुमुगमचा वकील म्हणे, पाचवा भावंड आहे एवढं लिहा, बाकी मी बघतो. रेंजर म्हणे, पाचवा जुळत नाही म्हणजे जंगलातला, एवढं लिहा. संचालक म्हणाले, वाद नको, 'निष्कर्ष संमिश्र' असं लिहा. अक्कांनी तिघांनाही एकच उत्तर दिलं, "वही बघायला या." तिघांपैकी कुणी आलं नाही.

साक्षीच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. अक्का बूट घालूनच पिंजऱ्यात उभ्या राहिल्या.

"चार ओंडके आरोपीच्या परसातले, हे तुमचं म्हणणं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो."

"पाचवा जुळत नाही."

"नाही."

"म्हणजे तो जंगलातून आणलेला."

"मी तसं म्हटलं नाही."

आरुमुगमचा वकील उठला. "मॅडम, ही झाडं एका आईची. प्रत्येक जागी आईचे दोनच आकडे, आणि प्रत्येक लेकराला त्यातला एक मिळणारच. बरोबर?"

"बरोबर."

"पाचव्यातही आठही जागी तसा आकडा सापडतो?"

"सापडतो."

"म्हणजे तो ह्यांचा भाऊ. परसातलाच."

"मी तसंही म्हटलं नाही. ते आकडे पुष्कळ झाडांत असतात. माझ्याकडच्या जागा कमी आहेत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग तुम्ही काय म्हणता, डॉक्टर?"

"पाचव्याबद्दल सांगता येत नाही."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

कोर्टात कुणीतरी हसलं. अक्कांचा आवाज जरा चढला. भांडायची तमिळ ती.

"येत नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी सांगेन. तुम्ही बोलवा, नका बोलवू. मी येऊन सांगेन."

चार ओंडक्यांच्या बाबतीत आरुमुगम सुटला. पाचव्याचा निकाल राखून ठेवला गेला आणि तो ओंडका वनखात्याच्या डेपोत पडून राहिला. बाहेर व्हरांड्यात रेंजर आमच्यापासून तोंड फिरवून निघून गेला. आरुमुगम मात्र समोर आला.

"अम्मा, माझं ताक प्यायलात. माझ्या घरात बसलात. एक शब्द बोलला असतात तर सगळं सुटलं असतं."

"एक शब्द नव्हता माझ्याकडे, अय्या."

"तुमच्यासारख्यांकडे नसतोच," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "आमच्याकडे एखादा भाग मापात बसला नाही तर पुन्हा मोजतात अक्का. बसेपर्यंत मोजतात. मग बसलेलं माप लिहितात."

"आणि सही कोण करतं?"

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. रागानं नाही, एखाद्या रिकाम्या ओळीकडे बघावं तसं. सोमवारी मी कारखान्यात एका बॅचवर सही करायला नकार दिला. त्यातून काही फार मोठं घडलं नाही. चार शिव्या खाल्ल्या आणि बॅच परत गेली. अक्कांना मी ते सांगितलंही नाही.

पुढच्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात संचालकांनी शाल दिली आणि दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली मागितली. नमुने टाकून देणार, जागा हवी आहे, असं कळल्यावर अक्का दोन रिक्षा घेऊन गेल्या आणि वाळवलेल्या पानांच्या शेकडो पिशव्या घरी घेऊन आल्या. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून डब्यांवर डबे. सोसायटीनं नोटीस काढली: घरात जळाऊ पालापाचोळा ठेवू नये. अक्कांनी नोटिशीखाली प्रत्येक झाडाचं ठिकाण आणि उंची लिहून ती परत बोर्डावर लावली. साडेतीनशे झाडं. नोटीस चार पानांची झाली. पुन्हा कुणी विचारलं नाही.

तांबरमजवळच्या एका कॉलेजात त्यांची जुनी विद्यार्थिनी शिकवत होती. तिनं लॅबमधलं एक टेबल दिलं. आठवड्यातून चार दिवस अक्का मांबलमहून लोकलनं तिकडे जात. पगार नाही, प्रकल्प नाही, लागणारी रसायनं पेन्शनमधून. मी एकदा म्हणालो, "अक्का, आता हे कुणासाठी?"

"कोर्टानं मला एक प्रश्न विचारलेला अहे. उत्तर द्यायचं राहिलंय."

"कोर्ट विसरलं असेल."

"मी नाही विसरले."

दोन वर्षांत आठ जागांच्या वीस-बावीस झाल्या. वह्यांत न आलेल्यांची भर पडतच होती. ओंडक्यातून काढलेलं जे थेंबभर शिल्लक होतं ते त्यांनी इतकं जपून वापरलं की शेवटच्या तीन जागांच्या वेळी, त्यांची विद्यार्थिनी सांगते, त्या श्वास रोखून उभ्या असत.

एका रविवारी त्यांनी मला वर बोलावलं. कॉफी नव्हती. वही उघडी होती.

"बघा," त्या म्हणाल्या. "चार बुंध्यांवरून आईचे आकडे काढले. लेकरं चार असली की आई लपत नाही. आता पाचवा." त्यांचं बोट एका ओळीवरून खाली गेलं. "ही जागा. आईकडे नऊ आणि बारा. ह्याच्याकडे सहा आणि सात. ही जागा, तेच. ही, तेच. सहा जागी आईचा एकही आकडा नाही."

"म्हणजे?"

"तो ह्यांचा भाऊ नाही."

मी खुर्चीत मागे टेकलो. "अक्का, तो म्हातारा..."

"त्याच्या बापानं दुसऱ्या झाडाखालची एक शेंग उचलली असेल. त्याला माहीत नसेल. मी फक्त भाऊ नाही एवढंच सांगू शकते. विचारायला पायजे त्याला." त्यांनी वही मिटली. "आधी त्याला. मग कोर्टाला."

"नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे?"

त्या उठल्या आणि बूट घालायला लागल्या.

परसातले धुमारे आता माझ्या डोक्याच्या वर गेलेले. आरुमुगम ओट्यावर बाहुलीला काचकागद घाशीत बसला होता. आम्हाला बघून उठला नाही. अक्का त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि वही उघडून, एकेक जागा दाखवत, त्यांनी त्याला सगळं सांगितलं. इतकं शांतपणे मी त्यांना तमिळ बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"दुसऱ्या झाडाची शेंग त्यात आली असेल का, अय्या?"

म्हाताऱ्यानं काचकागद खाली ठेवला.

"शेंग नाही आली, अम्मा. लॉरी आली." तो बोलता बोलता बाहुलीवरची पूड फुंकत होता. "रस्त्याकडेचं माझं पाचवं झाड कीड लागून आधीच गेलं होतं. एक माणूस लॉरीतून ओंडका घेऊन आला. चांगलं लाकूड होतं. तसलं लाकूड समोर आलं की माझ्या हाताला राहवत नाही. घेतला."

अक्कांनी वही मिटून मांडीवर ठेवली.

"कोर्टात मी चिडलो तुमच्यावर," आरुमुगम म्हणाला. "कारण तिथं सगळ्यांना सगळं माहीत होतं. जंगलवाल्याला माहीत, वकिलाला माहीत, मला तर होतंच. एकट्या तुम्ही म्हणालात, माहीत नाही. तीन वर्षं मला झोपेत तेच ऐकू येतं." मग त्यानं वहीकडे बोट केलं. "तेव्हा माहीत नव्हतं तर नाही म्हणालात. आता माहीत आहे, तर जाऊन सांगा."

"तुम्हाला त्रास होईल, अय्या."

"होऊ दे. चार माझ्या बापाची आहेत हेही तुम्हीच सांगितलंत ना? ते खोटं मानायला आता कुणाची हिंमत नाही."

परतताना गाडीत अक्का रडल्या. रुमाल न काढता, समोर रस्त्याकडे बघत. मी रेडिओ लावायला गेलो तर म्हणाल्या, "नको. असू दे."

त्यांनी कोर्टाला अर्ज दिला. तीन ओळींचा: पाचवा ओंडका उरलेल्या चार झाडांचा भाऊ नाही, तो कुठला आहे हे मला सांगता येत नाही, सोबत वहीच्या प्रती. लॉरीचा उल्लेख त्यात नव्हता. ते त्यांच्या मार्करांनी सांगितलेलं नव्हतं. लॉरीचं आरुमुगमनं स्वतः, वकिलाचं न ऐकता, उभं राहून सांगितलं. त्याला दंड झाला, तो त्यानं भरला. त्या दिवशी अक्कांच्या शेजारच्या बाकावर रेंजर येऊन बसला. बदली होऊन दुसरीकडे गेलेला, पण मुद्दाम आलेला. निघताना त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढून अक्कांना दिला. त्याच्या नव्या हद्दीत, दरीत एकटं उभं असलेलं एक जुनं रक्तचंदन होतं, त्याचा ठावठिकाणा. "मॅडम, याचं पान तुमच्याकडे नसेल," तो म्हणाला.

"नाही," अक्का म्हणाल्या. तेवढ्याशा कागदानं त्यांचा चेहरा असा खुलला की मी दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझी बदली चाकणला झाली. सामान ट्रकमध्ये गेलं. अश्विनी आधीच पुढे गेली होती. शेवटच्या सकाळी मी वर गेलो तर दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, मॅडम आत्ताच लांब काठी घेऊन निघाल्या, दरीतल्या कुठल्याशा झाडाचं पान आणायला. मला जरा वाईट वाटलं. मग मीही बॅग उचलून स्टेशनकडे चालू लागलो.

मांबलमच्या पादचारी पुलावर मधोमध पोचलो आणि खाली प्लॅटफॉर्मवर आरडाओरडा ऐकू आला. अक्का होत्या. हातात त्यांच्या दुपटीहून उंच बांबू, टोकाला पानं ओढायची लोखंडी आकडी. तांबरमकडची लोकल लागलेली. रेल्वेचा पोलीस डब्याच्या दारात आडवा हात करून उभा.

"हे घेऊन चढता येणार नाही, अम्मा!"

"कुठं लिहिलंय? दाखवा!"

"लिहिलंय की नाही ते मला माहीत नाही..."

"मग माहीत नाही म्हणा! नाही म्हणू नका!"

मी पुलावरून हाक मारली, "अक्का!" त्यांना ऐकू गेलं नाही. पोलिसानं हात खाली घेतला की त्यांनीच तो बाजूला केला, हे मला वरून दिसलं नाही. आतल्या दोन बायका पुढे झाल्या, कुणीतरी बांबूचं टोक धरलं, तो तिरका करून आत घेतला. अक्का एक बूट फुटबोर्डवर, एक आत, अशा उभ्या राहिल्या आणि हातातल्या पिशवीतून वही काढून पेन्सिलीनं काहीतरी लिहायला लागल्या. गाडी हलली. आकडी खिडकीच्या गजाला अडकली, कुणीतरी ओरडलं, अक्कांनी न बघताच एका हातानं ती सोडवली.